स्टुलावर बसून तेरा हजार मीटर

माझा धाकटा भाऊ एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन आहे. माझ्या मुलीचा तो सख्खा मामा, पण हॉस्पिटलातले वॉर्डबॉय, नर्सा, डॉक्टर, अगदी त्याच्याहून वयाने मोठे पेशंटसुद्धा त्याला मामाच म्हणतात. एकतीस वर्षं तो स्ट्रेचरच्या लिफ्टमध्ये एका स्टुलावर बसून माणसं वर नेतो आणि खाली आणतो. सहा महिन्यांनी निवृत्त होईल. लग्न केलं नाही, आमच्याच घरी मागच्या खोलीत राहतो. त्याला मी विसराळू म्हणते, तो मला काळजीचं कोठार म्हणतो. दोन्ही खरं आहे.

अकराव्या मजल्यावर लिफ्टच्या बरोबर समोर एक खिडकी आहे आणि त्या खिडकीत एक डोंगर आहे. दार उघडलं की डोंगर दिसतो, दार लागलं की जातो. अकराव्यावर दार नऊ सेकंद उघडं राहतं, हे त्यानेच मला सांगितलेलं. एकतीस वर्षं रोज साठेक वेळा नऊ-नऊ सेकंद पाहिलेल्या त्या डोंगरावर एकदा आपल्या पायांनी जायचं, एवढीच त्याची इच्छा. ती तो कुणाला बोलून दाखवायचा नाही. मी म्हणेन, गुडघ्यांचं काय, हे त्याला ठाऊक होतं. आणि मी तेच म्हणाले असते.

माझी मुलगी डोंगर चढणाऱ्या एका ग्रुपमध्ये आहे. मागच्या वर्षी तिने नवं घड्याळ घेतलं आणि जुनं मामाला दिलं. घड्याळ म्हणजे काय, चांगली बशीएवढी तबकडी. त्यात वेळ आहे हे शोधावं लागतं. बाकी होकायंत्र आहे, तापमान आहे, हवेचा दाब आहे, आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहोत ते आहे, आणि एकूण किती मीटर वर चढलो त्याची बेरीजही आहे. माहितीपुस्तिकेतली अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. मामाने ती भिंग घेऊन तीनदा वाचली. मग स्टेशनवर गेला, पाटीवर लिहिलेली उंची पाहिली, तिथेच उभं राहून घड्याळ तिला जुळवलं आणि घरी येऊन आम्हाला सांगितलं की आपल्या ओट्यापेक्षा आपला माळा दोन मीटर उंच आहे. मी म्हटलं, हे मला स्टुलावर चढून डबे काढताना रोज कळतं.

पण त्याला स्वर्ग दोन बोटं उरला होता. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये तो मजल्यांबरोबर उंचीही सांगू लागला. चौथा मजला, हाडांचा विभाग, पाचशे पंच्याहत्तर मीटर. पाचवा मजला, हृदयविभाग, पाचशे अठ्ठ्याहत्तर. पाय प्लास्टरमध्ये घातलेली माणसंही हसायला लागली. कुणी विचारायचं, मामा, आमच्या वॉर्डात हवा विरळ आहे का हो? मामा गंभीर चेहऱ्याने तापमान सांगायचा. सर्जन लोकांनी तर त्याचं नाव मीटरमामा ठेवलं.

आणि मग त्या ग्रुपने त्याच डोंगरावर जायचं ठरवलं. खिडकीतल्या.

ग्रुपच्या प्रमुख एक दातांच्या डॉक्टर आहेत. बाई कडक. पन्नाशीच्या पुढच्यांसाठी त्यांचा नियम असा, की आधीच्या चार आठवड्यांत एकूण दोन हजार मीटर चढाई करायची आणि घड्याळातला आकडा दर आठवड्याला कळवायचा. एवढं जमलं नाही तर नाव कमी. मुलीने मामाचं नाव मला न विचारता दिलं. मला कळलं तेव्हा मी आधी तिच्याशी भांडले, मग मामाशी, आणि मग त्याला धरून हृदयविभागात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, मामांचं उत्तम आहे, तुमचंच जरा जास्त धडधडतंय.

पहिला आठवडा संपला. मामाने घड्याळ पाहिलं आणि आकडा कळवला. तेरा हजार सहाशे चाळीस.

पुढचं मला मुलीने सांगितलं, तेही मध्ये मध्ये सोफ्यावर लोळत, पोट धरून. डॉक्टरबाईंनी तो आकडा बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवला. जगातलं सगळ्यात उंच शिखरही नऊ हजारांच्या आत आहे. चाळीस माणसं उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. मामाला वाटलं, फार सभ्य माणसं आहेत, नव्या सभासदाचं असंच स्वागत करत असतील. तोही उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. एका तरुणाने त्याला हे जमवता कसं म्हणून विचारलं. मामा म्हणाला, काही नाही, नेमाने ड्युटी करायची, सुट्टी घ्यायची नाही. गुडघे दुखत नाहीत का? बसलेलं असलं की दुखत नाहीत, मामा म्हणाला. लोकांना वाटलं, काहीतरी योगसाधना असावी. दोघांनी वहीत लिहून घेतलं. हरभऱ्याच्या झाडावर माणूस चढवतात हे ऐकून होते, पण मामाला त्या दिवशी लोकांनी थेट शेंड्यावर नेऊन ठेवलं, आणि तो बिचारा तिथूनही उंची किती झाली ते बघत होता.

मग डॉक्टरबाईंनी विचारलं, "मामा, तुमचा वेग साधारण किती असतो?"

"अकरा मजले अठ्ठावीस सेकंदांत," मामा म्हणाला. "दारं लागायला वेळ लागतो, तो सोडून."

दारं, या शब्दाशी सगळी बैठक थांबली. माझी मुलगी तेव्हा टेबलाखाली होती. पडलेलं पेन शोधायला म्हणून गेली होती, तिला वर यायची शुद्धच राहिली नाही.

एकाने लगेच म्हटलं की यांनी आपल्या सगळ्यांना मामा बनवलं. डॉक्टरबाईंनी त्याला गप्प केलं आणि मामाला सरळ विचारलं की तुम्ही हे मुद्दाम केलंत का. मामा म्हणाला, "घड्याळ किती चढलं ते तुम्ही विचारलंत, मी ते सांगितलं. मी किती चढलो असं विचारलं असतंत, तर शून्य म्हणालो असतो."

बाईंना हे उत्तर आवडलं असावं, कारण नाव त्यांनी तिथल्या तिथे कमी केलं नाही. म्हणाल्या, तीन आठवडे उरलेत. दोन हजार मीटर, स्वतःच्या पायांनी. एक मीटरही कमी चालणार नाही.

घरी येऊन मामाने कागदावर गणित मांडलं. हॉस्पिटलचा तळमजला ते अकरावा मजला अडतीस मीटर. म्हणजे त्रेपन्न वेळा चढायचं. उतरताना लिफ्टने यायला हरकत नव्हती, उतरण घड्याळ वेगळी धरतं. मी म्हटलं, अरे, ज्या बिल्डिंगमध्ये माणसाला एक मजला चढायला लागू नये म्हणून तुला पगार देतात, तिथेच तू जिना चढणार? तो म्हणाला, ताई, एकतीस वर्षं नोकरीला आहे, अजून जिना पाहिलेला नाही. मी म्हणाले की तुझा वरचा मजला रिकामा आहे. तो म्हणाला, म्हणूनच तिथे जायला गर्दी नाही.

पहिल्या दिवशी ड्युटी संपल्यावर तो निघाला आणि चौथ्या मजल्यावर बसला. हाडांच्या विभागाने त्याला खुर्ची आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सातव्यापर्यंत पोचला. तिसऱ्या दिवशी अकराव्यावर गेला, खिडकीपाशी जाऊन डोंगर चांगला पाच मिनिटं पाहिला, आणि रात्री जेवताना मला सांगितलं की त्या डोंगराला डाव्या बाजूला एक खांदा आहे, नऊ सेकंदांत तो कधी लक्षात आला नव्हता. एवढा हरखला होता की भात दोनदा घेतला आणि आमटी घ्यायची विसरला.

मग हॉस्पिटलभर बातमी झाली. प्रत्येक मजल्याच्या नर्सेसनी जिन्याच्या दारामागे एक कागद चिकटवला आणि मामा गेला की रेघ ओढू लागल्या. लहान मुलांच्या विभागातली मुलं सलाइनच्या स्टँडसकट जिन्याशी येऊन उभी राहायची. संध्याकाळच्या पाळीचा लिफ्टमन, त्याचा जुना जोडीदार, मुद्दाम प्रत्येक मजल्यावर दार उघडून विचारायचा, मामा, येता का, एक जागा आहे. मामा त्याला शिव्या द्यायचा, पण शिव्या देताना दम लागतो म्हणून सातव्याच्या वर नुसते हात करायचा. मी रोज साडेसात वाजता फोन करायची. एकदा त्याने उचलला नाही, तर मी बाह्यरुग्ण विभागालाच फोन लावला. तिथून उत्तर आलं, काळजी करू नका ताई, नवव्यावर आहेत, रेघ पडली आहे.

शेवटच्या शनिवारी संध्याकाळी आकडा एक हजार नऊशे चौसष्ट होता. एक चढण बाकी होती. पण जोडीदार आजारी पडला, मामाला त्याची पाळीही करावी लागली, आणि रात्री पाय उचलेना. हरकत नव्हती, बैठक रविवारी दहाला होती. लिफ्टमध्ये बसताना तो आता घड्याळ काढून वॉर्डबॉयकडे ठेवायचा. पुन्हा घोटाळा नको.

रविवारी सकाळी सहा वाजता तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा असा, की माझ्या हातातलं पातेलं निसटलं.

"ताई," तो म्हणाला, "आपलं घर रात्रीत चव्वेचाळीस मीटर वर गेलंय."

मी आधी गॅस बंद केला. मग, खोटं कशाला सांगू, गॅलरीत जाऊन खाली वाकून बघितलं. रस्ता होता तिथेच होता. बाहेर मात्र वारं सुटलं होतं आणि आभाळ पार काळवंडलं होतं. आमच्या आरडाओरड्याने मुलगी उठली, तिने घड्याळ हातात घेतलं आणि डोळे चोळत सांगितलं की घड्याळाला डोळे नसतात. त्याला फक्त हवेचा दाब कळतो. वर गेलं की दाब कमी होतो, म्हणून दाब कमी झाला की ते समजतं आपण वर गेलो. वादळी हवा आली की एका जागी पडूनही दाब उतरतो. म्हणून जाणकार माणसं चालताना घड्याळ उंचीसाठी पाहतात आणि मुक्कामाला हवामानासाठी.

मग तिने बेरीज पाहिली आणि किंचाळली. एकूण चढाई दोन हजार आठ.

मी तर नाचायचीच बाकी राहिले. दोन हजार मागितले होते, दोन हजार आठ झाले, तेही अंथरुणात. या हवेत बाहेर जायला नको, गुडघ्यांना त्रास नको. मी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हटलं, बस आता.

तो बसला नाही. बूट शोधत होता.

"झोपेत चढलेलं धरायचं नाही," तो म्हणाला. "एकदा बसून चढलो, तेवढं पुरे."

मी पुष्कळ बोलले. दुखणं, घसरणं, वारा, छत्री उलटणं, सगळं काढलं. तो बुटाची नाडी बांधत राहिला. शेवटी मी पण चपला घातल्या. त्याला एकट्याला सोडणं शक्य नव्हतं. गोळ्या, पाण्याची बाटली, टॉवेल, बिस्किटं आणि गुडघ्याला लावायचा मलम एवढं पिशवीत घेऊन मी हॉस्पिटलच्या त्या जिन्याच्या पायथ्याशी उभी राहिले, आणि मला प्रथमच कळलं की अकरा मजले म्हणजे काय.

तिसऱ्या मजल्यावर पिशवी त्याने घेतली. पाचव्यावर मी गोळी मागितली, त्याने सांगितलं की ती त्याची आहे. सहाव्यावर मी त्याला हसायला लागले, का ते आठवत नाही, आणि मग तोही हसायला लागला, आणि लहानपणी प्रार्थनेच्या वेळी व्हायचं तसं आम्हाला थांबवताच येईना. एक नर्स दारातून डोकावली आणि ओठांवर बोट ठेवून स्वतःच हसली. सातव्यावर मी कठड्याला धरून उभी राहिले. मामा माझ्यापेक्षा चार पायऱ्या वर होता. तिथून तो लिफ्टमधल्या आवाजात म्हणाला, सातवा मजला, लहान मुलांचा विभाग, घाई नाही, दार उघडं आहे.

अकराव्यावर खिडकीत नुसतं करडं आभाळ होतं, डोंगर नव्हताच. मामाला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाला, आहे तिथेच आहे.

बैठकीला आम्ही वीस मिनिटं उशिरा पोचलो, दोघांचेही केस उभे. डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. दोन हजार सेहेचाळीस. पुष्कळ झाले की, त्या म्हणाल्या. मामाने त्यांना सांगितलं की यातले चव्वेचाळीस वजा करा, ते मी झोपलेलो असताना घर चढलं. उरले दोन हजार दोन. जास्तीच्या दोनांचं काय, असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, ते माझे. बाईंनी वहीत दोन हजार दोन लिहिलं, मामाच्या नावापुढे खूण केली, आणि पहिल्यांदाच मला त्यांचे दात दिसले.

पुढच्या रविवारी आभाळ निवळलं आणि ते पहाटेच गेले. मी घरी. फोन मांडीवर, नजर फोनवर. अकरा चाळीसला मुलीचा फोन आला. मागे वारा एवढा, की निम्मं ऐकू येत नव्हतं. तिने सांगितलं, शेवटच्या कातळाशी सगळे धापा टाकत होते. मामा सगळ्यांच्या पुढे होता. वर पोचला, मागे वळला, दार धरून ठेवल्यासारखा एक हात लांब केला आणि म्हणाला, "शेवटचा मजला. सावकाश बाहेर या." डॉक्टरबाईंना हसू आवरेना, त्या खालीच बसल्या. आता तो तिथून आमचं हॉस्पिटल शोधत होता. एका पांढऱ्या ठिपक्याला तो अकरावा मजला म्हणत होता. मुलीला ती पाण्याची टाकी वाटत होती, पण ती बोलली नाही.

मग तिने फोन त्याच्याकडे दिला. मी विचारलं, किती उंचीवर आहेस.

"घड्याळ तेराशे एकाहत्तर म्हणतंय, इथे दगडावर तेराशे शहाऐंशी लिहिलंय," तो ओरडून म्हणाला. "पण ताई, स्वर्ग दोनच बोटं उरलाय, मी मोजून बघितलं."

मी म्हटलं, ते असू दे, स्वेटर घातलायस का. घातलाय, तो म्हणाला. आवाजावरून कळत होतं की घातलेला नाही.