एकट्या माणसाला एक घर

सुनंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या आमच्या कॉलेजात पेपर तपासत बसले होते. आजार जुना होता, तरी बराच वेळ हातातलं पेन खाली ठेवायचं सुचलं नाही... आता महिना होऊन गेला. डोळ्यांपुढे येते ती मात्र लॉकडाऊनमधली सुनंदा, गच्चीवर रेंज शोधत फिरणारी.

ती त्याच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची, मी मराठी. कोण कुणाला भेटतं, किती वेळ, किती जवळून, हे लोकांना विचारायचं आणि बंधनं कुठून सैल केली तर कोरोना कमी पसरेल याचं गणित मांडायचं, असं काम तिनं अंगावर घेतलं होतं. "तुला माणसांशी बोलता येतं," म्हणून मलाही ओढलं. बारामती-इंदापूरच्या गावांना आम्ही फोन लावायचो.

सुप्याला एक तात्या होते, घरात एकटेच. काल कुणाकुणाला भेटलात, असं सुनंदानं विचारलं.

"कुणालाच न्हाय. परवाबी न्हाय... बाई, तुमच्याशी बोलतोय ते धरता का त्यात?"

"ते नाही धरता येत, तात्या. पण बोला तुम्ही."

त्यानंतर रोज संध्याकाळी ती त्यांना फोन करू लागली. तिची स्वतःची आईही निमगाव केतकीला एकटी होती.

मग बंधनं कुठली सैल करायची ते ठरवायला दोन्ही तालुक्यांच्या अधिकाऱ्यांची ऑनलाइन बैठक झाली. सगळे दुकानं कधी उघडायची ते विचारत होते. सुनंदानं दाखवलं, की एकट्या म्हाताऱ्या माणसाला ये-जा करायला कुठलंतरी एकच घर जोडून दिलं, तर आजार फारसा वाढत नाही. "बाजाराचं मग ठरवू. आधी यांना कुणाकडे तरी जाऊ द्या."

"मॅडम, आईसाठी म्हणताय का?" कुणीतरी विचारलं.

"आईसाठीही. म्हणून तर गणित पुन्हा पुन्हा तपासलंय."

परवानगी मिळाली. तात्या कऱ्हाटीला लेकीकडे गेले आणि सुनंदा निमगावला. "आईनं तोंडावरून हात फिरवला, आणि मग आम्हाला मास्कची आठवण झाली," हे सांगताना ती हसतही होती, रडतही होती.

परवा तात्या लेकीला घेऊन सुनंदाच्या घरी आले. इतक्या वर्षांत तात्या आणि सुनंदा फक्त फोनवर बोलले होते, समोरासमोर कधी भेटलेच नव्हते. तिच्या खोलीतल्या फोटोपुढे ते काठी टेकून उभे राहिले.

"मला वाटायचं, थोराड बाई आसंल," ते म्हणाले. मग जरा पुढं वाकले. "व्हय... हिचाच आवाज."