भाईंची नवी मॉडेलं

"आधी चप्पल काढा." सायकल घ्यायला आलेल्या माणसाला भाईंचं पहिलं वाक्य हेच. मग त्याला भिंतीला पाठ लावून उभं करायचं, टाचेपासून वर टेप धरायची आणि म्हणायचं, "हं. आता सांगतो तुमची सायकल कुठली ती." गिऱ्हाईक आपलं लाल चकचकीत सायकलीकडेच बघत असायचं. तुम्हीही तेच केलं असतंत.

पेणला रामवाडीत माझं पापडांचं दुकान, त्याला लागून भाईंचं सायकलींचं. वीस वर्षं मध्ये एक भिंत. सीझनच्या आधी नव्या मॉडेलांचं पुस्तक आलं की भाई चष्मा पुसत माझ्या ओट्यावर येऊन बसायचे. "हे बघा वहिनी, यंदा माउंटन बाइकला एकवीस गिअर." रोडबाइकचं पान मात्र भरभर उलटायचे. "वडखळच्या खड्ड्यांत ही चालवायची? टायर बघा, बोटाएवढा!"

माउंटन बाइकला मडगार्ड लावून घ्या म्हटलं की पोरं हसायची. पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन तीच परत यायची. भाई मडगार्ड पुढ्यात ठेवायचे.

भाभी गेल्या तेव्हापासून दुबईतला मुलगा मागे लागला होता. अब्बा, दुकान बंद करा, इकडे या. भाईंचं उत्तर ठरलेलं. "यंदाची मॉडेलं येऊ दे, मग बघू." मला मेलं हसू यायचं. मॉडेलं काय, दरवर्षी येणारच.

गेल्या दिवाळीआधी नव्या सायकलींची खोकी आली. रोह्याची एक पोर, कंपनीत शिफ्टला जाणारी. तिची माउंटन बाइक भाईंनी जोडली आणि चालवून बघायला गेले. परत आले ते सायकल हातात धरून, चालत.

"पडलात काय हो?"

"नाय. फोर्क उलटा ऱ्हायला, वहिनी."

पुढचं चाक धरणारा फोर्क खोक्यात मागे वळवून भरतात. जोडताना तो आधी पुढे फिरवायचा. हे भाईंनीच मला शंभरदा सांगितलेलं.

"दिसलंच नाय मला," ते म्हणाले.

"मग करा की सरळ. तिला काय कळतंय?"

"तिला नाय कळणार. ती उतारावर पडेल."

फोर्क सरळ केला. चार दिवस ती सायकल स्वतः चालवली, मग रोह्याला पोचवून आले. त्याच संध्याकाळी त्यांनी आपणहून मुलाला फोन लावला. भिंतीपलीकडून मला एवढंच ऐकू आलं, "येतो."

ते दुबईला गेले आणि महिनाभराने त्यांचा फोन. "वहिनी, रोह्याच्या पोरीची पहिली सर्व्हिसिंग ऱ्हायली."

मला त्यातलं काय कळतंय? तरी मी एसटीने रोह्याला गेले. त्या पोरीने अंगणात सायकल उलटी ठेवून चाक फिरवलं, मी फोन चाकाजवळ धरला.

"ब्रेक घासतोय," तिकडून भाई. "पोरी, ब्रेकचे दोन्ही बोल्ट सैल कर. आता ब्रेक दाबून धर. तसाच धरून घट्ट कर." ती करत गेली. "हं, फिरव."

चाक फिरलं.

"काय ऐकू येतंय, वहिनी?"

"नाय. काहीच नाय."

"मंग झालं."

चाक बराच वेळ फिरत राहिलं. आवाज कसलाच नव्हता, आणि फोन कोणीच ठेवत नव्हतं.