मास्तरांना दिलेला नारळ

माझे वडील मॅट्रिक नापास. अमेरिकेत पार्सिपनीला मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांत फरशा पुसायचे. तिथले आपले मराठी इंजिनिअर लोकसुद्धा लिफ्टमध्ये भेटले की वडिलांशी इंग्रजीतच बोलायचे. आम्ही बेसमेंटमध्ये राहायचो. थंडीत पाइप गोठला की वरच्यांकडून पाणी आणायचं. घरात कॉलेजचं तोंड कोणी पाहिलं नव्हतं. मी पाहावं, डिग्री घ्यावी, एवढंच वडिलांचं मागणं.

कॉलेज मला फुटबॉलनं दिलं. तिकडच्या फुटबॉलमध्ये बॉल हातात घेऊन पळतात. मी डिफेन्सला, म्हणजे पळणाऱ्याला आडवा करायचा. वडील गावी कबड्डी खेळलेले. "डोळ्यांकडे बघू नकोस, कमरेकडे बघ. माणूस डोळ्यांनी फसवतो," असं सांगायचे. हायस्कूलमध्ये तेवढ्यावर माझं नाव झालं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दोन राज्यं पलीकडच्या कॉलेजचा कोच मला खेळाच्या स्कॉलरशिपवर न्यायला घरी आला. आईनं त्याला पुरणपोळी वाढली, वडिलांनी शाल आणि नारळ दिला. "मास्तर, पोरगा तुमच्या ओटीत घातला," वडील म्हणाले. मी भाषांतर केलं. कोच माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, ओटी मोठी लागेल. मग गंभीर होऊन त्यानं सांगितलं, डिग्री मिळेपर्यंत ह्याला माझ्या मुलासारखा सांभाळीन.

स्कॉलरशिप दर वर्षी नव्यानं मिळते, असं मी कुठंतरी ऐकलं होतं. चारही वर्षांचं लिहून मागू या, मी म्हटलं. वडील चिडले. "आपल्या घरी जेवला, शाल-नारळ घेतला. आता त्याच्याकडे कागद मागायचा?"

तिसऱ्या वर्षी आमच्या विभागात माझ्यासारखा डिफेन्सवाला नव्हता. हे मी नाही, पेपरवाले लिहायचे. स्टेडियम माझं आडनाव चुकीचं ओरडायचं, तरी छाती फुगायची. सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये गुडघा गेला. ऑपरेशननंतर कोच हॉस्पिटलमध्ये आला नाही.

उन्हाळ्याआधी त्यानं ऑफिसात बोलावलं. शेल्फवर आमचा नारळ होता, त्याला कोणीतरी टीमचं छोटं हेल्मेट घातलं होतं. जागा नव्या मुलाला द्यायची आहे, पुढच्या वर्षी स्कॉलरशिप नाही, असं तो म्हणाला. मी त्याला त्याच्या शब्दाची आठवण करून दिली.

"हा बिझनेस आहे, सन."

तेव्हाही सनच. तो सगळ्यांनाच सन म्हणायचा. मी आणि वडिलांनी मात्र त्याचा अर्थ मुलगा असा घेतला होता.

फोनवर वडिलांना सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "आपण त्याला नारळ दिला. त्यानं तुला नारळ दिला." त्यांना हसू आलं नाही, मलाही नाही. ते म्हणाले, निदान शाल परत माग. मागून आई म्हणाली, राहू द्या, तिकडे थंडी फार आहे.

मी कोणाकडे काही मागायला गेलो नाही. फी भरायला कॉलेजच्याच मेसमध्ये भांडी घासायला लागलो. टीममधली पोरं ताटं ठेवून जायची. काही जण "काय यार, कसा आहेस" म्हणायचे, काही खाली बघायचे. मी त्यांच्या कमरेकडे बघायचो. निघायच्या घाईत असायचे सगळे.

बरोबरीच्यांपेक्षा उशिरा, लंगडत, पण इकॉनॉमिक्सची डिग्री घेतली. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.