सांधणीच्या गाण्याचा अर्थ

सीमाभागातल्या वडगावच्या एका विणकराच्या गाण्यांचं छोटं पुस्तक मी पूर्वी संपादित केलं होतं. तो माग चालवताना गाणी रचायचा आणि गणपतीत गायचा. त्यातलं एक गाणं सगळ्यांना पाठ झालं:

जुन्या ताराला नवी तार तुझी बोटं जोडती,
लोक म्हणत्यात माझी साडी, माझी मान झुकती.

प्रस्तावनेत मी लिहिलं, ही सीमाभागाची व्यथा आहे. जोडणारी बोटं म्हणजे पलीकडची आपली माणसं. छपाईआधी त्याला वाचून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, हे माझ्या कारभारणीसाठी हाय. सांधणी तीच करती."

मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपला की जुन्या तारांची टोकं तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याची एकेक तार त्यांना पीळ देऊन जोडतात; हीच सांधणी. बोटांना राख लावून घरातल्या बायका दोन-दोन दिवस हे काम करतात. साडी मात्र विणणाऱ्याची म्हणतात. हे मला ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "माझा अर्थ मोठा आहे."

"तुमी शिकल्यालं," एवढंच बोलून तो गेला.

माझ्या भाषणांत त्या अर्थाला दरवर्षी टाळ्या पडत गेल्या. तो वारला, तरी मी गप्प राहिलो.

यंदा पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं, तेव्हा मी त्याच्या बायकोकडे गेलो. चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं.

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "हे गाणं तुझं हाय, असं ते मरंस्तोवर सांगत हुते. मी म्हणायची, गुरुजींनी पुस्तकात येगळंच लिवलंय, मला कशाला गुंडाळतासा?"

"आक्का, चूक माझी. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं."

"म्हंजी तुमच्यापायी माझा नवरा जन्मभर थापाड्या ठरला की वो!"

मी मान खाली घातली. ती हसत होती. डोळे पदरानं पुसत होती, तरी हसतच होती. मग भिंतीवरच्या फोटोकडे वळली.

"ऐकलं न्हवं? गुरुजी कबूल झाले. आता रुसू नगा."

नंतर मला म्हणाली, "त्यात राखंचं बी लिवा. राखंबिगार पीळ बसत न्हाय."

रिक्षा न करता मी खडेबाजारातल्या छापखान्यापर्यंत चालत गेलो. गुडघे दुखले नाहीत असं नाही, पण पाय हलके होते. जुनी प्रस्तावना मी तिथंच काढून टाकली. नवी चार ओळींची आहे. त्यात राख आहे.