वरच्याकडे मागितलेली माफी

माझ्या थोरल्या दिरासाठी स्वर्गात जागा राखून ठेवलेली आहे. हे मी नाही म्हणत, तोच म्हणतो, आणि इतक्या खात्रीने म्हणतो की जणू खिडकीजवळचीच मिळाली आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत त्याला सगळे 'साक्षीवाले दादा' म्हणतात. आपण आधी केवढे पापी होतो आणि प्रभूने कसं वाचवलं हे भर उपासनेत उभं राहून सांगायचं, त्याला आमच्याकडे साक्ष देणं म्हणतात. बाकीचे लोक आयुष्यात एखाद्या वेळी देतात, तेही अडखळत, घाम पुसत. या गृहस्थाने त्यावर नाव कमावलं.

पाप मात्र अस्सल होतं, तेवढं मान्य करायला हवं. ते माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातावर आहे.

दोघे भाऊ लाकडाच्या वखारीत गोल करवतीवर कामाला होते. थोरला खटक्यापाशी, धाकटा पात्यापाशी. खटका दाबायच्या आधी 'हात!' म्हणून ओरडायचं आणि पलीकडून 'मोकळा!' असं उत्तर आल्याशिवाय दाबायचं नाही, असा तिथला नियम. त्या सकाळी थोरल्याची आदल्या रात्रीची उतरलेली नव्हती. माझा नवरा पात्याखालचा भुसा काढत होता. हा ओरडलाच नाही. तीन बोटं भुशात गेली, अंगठा आणि करंगळी राहिली. वखारीसमोरच्या म्हाताऱ्या शिंप्याने हातातलं कापड तसंच त्या हाताला गुंडाळलं आणि नवऱ्याला हातगाडीवर घालून धावत दवाखान्यात नेलं. थोरला कुठे होता, ते कुणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यात तो फिरकला नाही. घरीही आला नाही. काही महिन्यांनी दिसला तो थेट चर्चच्या व्यासपीठावर, डोळे मिटलेले, हात वर, अगदी धुतल्या तांदळासारखा. दारू सुटली होती. खरंच सुटली होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा आनंदच झाला. उपासना संपल्यावर नवरा बाकाजवळ थांबून राहिला, दादा आता येईल म्हणून. दादा आला, त्याच्या पाठीवर थाप मारली, "प्रभूची स्तुती असो, बारक्या!" म्हणाला आणि चहा प्यायला निघून गेला.

नवऱ्याला फार काही नको होतं. 'चुकलं माझं' एवढं दादाच्या तोंडून ऐकायचं होतं, समोरासमोर, एकदाच. त्याची तो वर्षानुवर्षं वाट बघत बसला. आता घरीच डाव्या हाताने लोकांच्या करवतींना कानस मारून धार लावतो. जिन्यात पावलं वाजली की कानस थांबायची, मान वर व्हायची. मी म्हणायचे, "अहो, पेपरवाला आहे." मग कानस परत सुरू.

शेवटी मीच गेले दिराकडे. बुटांना पॉलिश करत बसला होता.

"भाऊजी, एकदा घरी येऊन चुकलं म्हणा. दोन शब्द आहेत."

"हे बघ बाई, ज्याची मागायची त्याची माफी मी मागितली आहे. त्याने दिली. आता मी आणखी कुणाकडे मागत बसलो, तर त्याची पुरली नाही असा अर्थ होतो. तो अविश्वास झाला."

"आणि ह्यांनी काय करायचं?"

"माणूस कर्मांनी तरत नाही. मी उद्या बारक्याचे पाय जरी धुतले, तरी त्याने माझं तारण होणार आहे का?"

"तारणासाठी नका येऊ. भाऊ आहे म्हणून या."

त्याला माझी कीव आली. "तुला कृपा कळलेलीच नाही," म्हणाला आणि दुसरा बूट हातात घेतला.

आता विश्वासाने तारण होतं यावर माझं भांडण नाही. मी त्याच बाकांवर लहानाची मोठी झाले. चांगलं वागून कुणी देवावर उपकार करत नाही, हे मलाही पटतं. पण या माणसाने त्या शिकवणीची गादी केली आणि वर ताणून दिली! शेजारच्या म्हातारीची पिशवी जिन्यावरून वर नेऊन द्यायची वेळ आली, की याला आठवणार, सत्कर्मांवर भिस्त ठेवणं धोक्याचं असतं. कहर केला तो शिंपी वारला तेव्हा. शिंपी उपासनेला क्वचितच यायचा, आला तरी मागच्या बाकावर डुलक्या घ्यायचा. त्याची बायको कबरीपाशी हात जोडून त्याच्यासाठी प्रार्थना करत होती. हा पुढे झाला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, मेलेल्यासाठी प्रार्थना करून उपयोग नसतो. विश्वास जिवंतपणीच ठेवायचा असतो." ज्या शिंप्याने याच्या भावाला हातगाडीवर घालून नेलं, त्याच्याबद्दल हे बोलला! लाज म्हणून काही असते की नाही?

मी चर्चच्या पाळकांकडेही जाऊन आले. पाळक भला माणूस, पण गोगलगाय. "तुम्हीच मोठ्या मनाने विसरून जा," म्हणाले. म्हणजे बोटंही आमचीच जायची आणि मनही आम्हीच मोठं करायचं.

इकडे साक्षीला दरवर्षी नवा मोहोर येत होता. आमच्या चर्चमध्ये नवरा समोर बसलेला असायचा, म्हणून प्रकरण तीन बोटांवर निभावत होतं. तो भाग आला की पुढच्या बाकांवरच्या माना मागे वळायच्या आणि नवरा हात खिशात घालायचा. बाहेरगावी मात्र दादांना रान मोकळं. कुणी सांगायचं, तिकडे दादा म्हणाले पंजा गेला. कुणी सांगायचं, कोपरापासून गेला. दर दौऱ्यात माझ्या नवऱ्याचा हात थोडा थोडा कापला जात होता.

मग मागच्या महिन्यात आम्ही लेकीच्या सासरी गेलो. रविवारी तिच्या चर्चमध्ये गेलो, तर पाहुणे वक्ते म्हणून साक्षीवाले दादा! आम्ही आल्याचा त्याला पत्ता नव्हता. आम्ही मागे, खांबाआड बसलो होतो. दारू आली, करवत आली, आणि मग त्याने आवाज खाली आणला. "माझा धाकटा भाऊ माझ्या मांडीवर गेला. शेवटचा श्वास घेताना म्हणाला, दादा, मी तुला माफ केलंय."

बायका डोळ्यांना पदर लावून रडत होत्या. लेक माझा हात घट्ट धरून बसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. मी नवऱ्याकडे बघितलं. तो स्वतःचं मरण शेवटपर्यंत ऐकत होता, अगदी शहाण्या मुलासारखा. जी माफी दादाने कधी मागितली नाही, ती त्याने परस्पर घेऊनही टाकली होती.

उपासना संपली. दादांचा हात हातात घ्यायला रांग लागली. नवरा उठला आणि रांगेत उभा राहिला. मी अडवलं नाही. पाळी आली तेव्हा दादाने भाविक चेहऱ्याने हात पुढे केला आणि त्याच्या हातात अंगठा आणि करंगळी आली. त्याने मान वर केली. चेहरा पांढराफटक पडला. मग हात सोडला आणि पुढच्या माणसाला म्हणाला, "प्रभू तुमचं भलं करो."

आम्ही घरी परतलो आणि दोन दिवसांनी संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली. कानस थांबली. या खेपेला खरंच दादा होता. इतकी वर्षं ज्याला हा जिना सापडत नव्हता, तो धापा टाकत वर आला होता. नवऱ्याने लगबगीने खुर्चीवरचा भुगा झटकला. त्याचा चेहरा बघवत नव्हता मला, इतका तो उजळला होता.

"बारक्या," दादा म्हणाला, "तिकडचं इकडे मंडळीत बोलू नकोस. त्या साक्षीने माणसं प्रभूकडे वळतात रे."

 नवरा म्हणाला, "नाही बोलणार. दादा, त्या सकाळी तू ओरडला नव्हतास. तेवढं एकदा म्हण. माझ्याशी म्हण."

दादाने मान डोलावली. आता म्हणतो, असं मलाही वाटलं. त्याने डोळे मिटले, दोन्ही हात वर केले आणि छताकडे तोंड करून सुरुवात केली, "हे दयाळू पित्या, तू माझं पाप धुऊन टाकलंस..."

"दादा," नवरा म्हणाला, "मी इकडे आहे."

दादाचे डोळे उघडले नाहीत. प्रार्थना चढत्या आवाजात 'आमेन'पर्यंत गेली. मग त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि हलका झाल्यासारखा उठला. दाराशी वळून म्हणाला, "बारक्या, तुझ्यासाठी रोज प्रार्थना करीन."

"कशाला, भाऊजी?" मी म्हणाले. "मेलेल्यासाठी करून उपयोग नसतो ना?"

 तो कठडा धरून जिना उतरत गेला. मी दार लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात पावलं वाजली. मी सवयीने नवऱ्याकडे बघितलं. त्याची कानस चालूच होती.