‘भाषा बंद आहे’ आणि म्हस्के सरांची सोयरीक

पंक्चर काढताना निघालेले खिळे मी कधी फेकले न्हाईत. डालड्याच्या डब्यात टाकायचो. डबा भरायचा, आणि कुठला खिळा कुणाच्या चाकातला हे मला तोंडपाठ! माणसांचे किस्सेही असेच साठतात राव. ज्याला टोचला तो विसरतो, काढणारा विसरत न्हाई. हे पुढचे सगळे किस्से एकाच गिऱ्हाइकाच्या चाकातले. म्हस्के सरांच्या.

साल म्हणाल तर मोठा दुष्काळ पडायच्या आधीचं. केडगावात पुणे रोडला माझं भाड्याच्या सायकलींचं दुकान, शेजारी शकूरभाईचं हॉटेल. हॉटेल म्हणजे एक स्टो अन् दोन बाकडी. बाकड्यांचे कायमचे मालक तिघं. एक मी, नववी नापास. दुसरे पंडित गुरुजी, मराठी शाळेतून रिटायर झालेले, पण चुका काढण्यातून न्हाई. तिसरे म्हस्के सर, नगरच्या कॉलेजात गणिताचे प्राध्यापक.

सर मूळचे राजूरकडचे. तिशी आली तरी लग्न न्हाई. त्यांची आई दर बाजाराला कुणाच्या तरी तोंडी निरोप धाडायची, "यंदा जमलं न्हाई, तर कॉलेजच्या दारात येऊन बसंन!" सरांना प्रिन्सिपॉलची धास्ती नव्हती तेवढी त्या निरोपाची होती.

*

त्या उन्हाळ्यात सर कुठल्याशा शिबिराला कानपूरला गेले आणि परत आले ते बिघडूनच!

बाकड्यावर टेकले आणि गुरुजींना म्हणाले, "गुरुजी, भाषा म्हणजे काय?"

गुरुजी खुलले. मातृभाषा, संस्कार, ओवी, सगळं सांगत सुटले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाही. भाषा म्हणजे शब्दांचा एक संच. कुठले शब्द आत, कुठले बाहेर, एवढंच. अर्थाचा संबंध नाही."

गुरुजींच्या बशीतला चहा धोतरावर! "अर्थाचा संबंध नाही?"

"अजिबात नाही. आता माझ्या भाषेत अक्षरंच दोन आहेत. अ आणि ब. ब ने संपणारा प्रत्येक शब्द माझ्या भाषेत चालतो."

शकूरभाई स्टोला पंप मारता मारता थांबला. "अ और ब? मतलब ‘अब’! अब क्या, सर?"

मी म्हटलं, "अजून एक ब लाव की, शकूरभाई. ‘अबब’!"

सर उडालेच. "बरोब्बर, किसनराव! अबब माझ्या भाषेत आहे!"

त्या दिवसापासून बाकड्यावर कुणीही दचकलं की आम्ही म्हणायचो, "सरांच्या भाषेत बोलला!"

*

ही भाषा सरांना महागात पडली. पारनेरकडची एक सोयरीक चालून आली होती. मध्यस्थ चौकशीला थेट हॉटेलात आला. पिळदार मिशा, हातात छत्री.

"पाव्हणं, शिकवता काय?"

आता गप गणित म्हणायचं का न्हाई? सर म्हणाले, "सध्या भाषा."

"कंची? विंग्रजी?"

"नाही. अ आणि ब ची."

मध्यस्थानं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड पाडून मान हलवली. माझ्याच्यानं राहवतंय व्हय? त्यानं छत्री उचलली ती सरळ यष्टीतच. आठवड्यानं तिकडून कळालं, "पोरगा चांगला हाय, पण अजून मुळाक्षरातच अडकलाय. दोनच येत्यात!"

राजूरचा निरोप पुढच्याच बाजाराला आला. या वेळी त्यात कॉलेजचं दार नव्हतं. प्रिन्सिपॉलची केबिन होती.

*

सरांचा आवडता शब्द ‘बंद’. त्यांच्या शास्त्रात एक सोपी जात असते, तिला म्हणायचं नियमित भाषा. शब्द बरोबर का चूक, हे ओळखायला तिथं फार डोकं लागत न्हाई. म्हणजे आपल्यासारख्यांची! तर ह्या नियमित भाषा म्हणे ‘बंद’ असतात.

"म्हणजे कुलूप?" शकूरभाईनं विचारलं.

"नाही हो. ह्या जातीतल्या दोन भाषा घ्या. एकीचा शब्द, त्याला दुसरीचा शब्द जोडा. असे सगळे जोडशब्द गोळा केले, की त्यांचीही भाषा नियमितच. जोडलं तरी जातीबाहेर जात नाही. म्हणून बंद."

मी म्हटलं, "हात्तिच्या! हे तर आमच्या सोयरिकीचं शास्त्र! दोघं जातीतले जोडा, लेकरू जातीतलंच!"

सर म्हणाले, "हो, तसंच... अहो, नाही! तसं नाही!" आणि घाबरून इकडंतिकडं बघायला लागले. कारण मागच्या बाकड्यावर गावचे चार जाणते बसले होते, आणि चौघंही माना डोलवत होते. त्यातला एक निघताना म्हणाला, "प्रोफेसर साहेब, लई खरं बोलला. आजकाल कॉलेजात असलं कोन शिकवतंय!"

सरांना दोन दिवस चहा गोड लागला न्हाई.

*

एकदा सर म्हणाले, "नियमित भाषा उलटी केली तरी नियमितच राहते. प्रत्येक शब्द शेवटाकडून वाचायचा, बास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या सायकलीचं सीट आणि हँडल उलटं बसवून ठेवलं. सर आले, बघत राहिले.

"हे काय, किसनराव?"

"उलटी केली, सर. पण सायकलच राहिली का न्हाई? बंद हाय!"

मला वाटलं, चिडतील. तर पठ्ठ्या त्या उलट्या सीटवर चढला आणि निघाला की हो! चार हातांवर शकूरभाईच्या दुधाच्या चरवीत. चरवी आडवी, सर आडवे, आणि आडव्यानंच ओरडले, "सायकल भाषा नाही हे सिद्ध झालं!"

*

पण खरा झटका बसला गुरुजींना. सरांनी सहज सांगितलं, "नियमित भाषेत जे बसत नाही, ते सगळं एकत्र केलं, की तीही नियमित भाषाच."

गुरुजींची बोटं बशीवर थबकली. "पुन्हा सांगा."

"माझ्या भाषेत ब ने संपणारे शब्द चालतात. मग न चालणारे, म्हणजे ब ने न संपणारे, गोळा करा. तीही तेवढीच नीटनेटकी भाषा. त्याच जातीची."

"म्हणजे सगळं अशुद्ध गोळा केलं की..."

"तेही तितकंच शुद्ध."

अबब! आयुष्यभर ज्यानं ‘हाय’ खोडून ‘आहे’ केलं, ‘न्हाई’ला छडी मारली, त्याला हे सांगायचं? गुरुजींनी केविलवाणा प्रश्न केला, "सगळ्याच भाषांचं असं असतं का हो?"

"नाही, नाही! वरच्या इयत्तेतल्या भाषा असतात, संदर्भमुक्त म्हणतात. तिथं हे चालेलच असं नाही. आतलं त्या इयत्तेत बसतं, पण बाहेर उरलेलं कधीकधी बसत नाही."

"म्हणजे वरची इयत्ता गाठली की घर बंद राहत नाही," गुरुजी पुटपुटले. त्यांचा मुलगा शिकून मुंबईला गेला होता.

दोन दिवस गुरुजी आले न्हाईत. आम्हाला वाटलं, आजारी पडले. तिसऱ्या दिवशी आले, बाकड्यावर बसले. शकूरभाईनं भीतभीत विचारलं, "गुरुजी, चाय?"

गुरुजी म्हणाले, "हाय का? दे मंग."

शकूरभाईच्या हातातून ग्लास सुटला!

*

आता बंदचा किस्सा. सरांना वाटलं, गावालाही हे शास्त्र कळावं. माझ्या दुकानाच्या फळ्यावर त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं, ‘आज चर्चा : भाषा बंद आहे का? – म्हस्के’. आणि गेले कॉलेजला.

मी काय केलं? लिहिलं एक अक्षरही न्हाई. देवाशप्पथ! फक्त फडकं फिरवलं, थोडं मधे, थोडं शेवटी. उरलं ते, ‘आज बंद आहे – म्हस्के’.

पहिलं शटर किराणावाल्यानं ओढलं. मग न्हाव्यानं. मग पिठाची गिरणी थांबली. "कशाचा बंद?" असं एकानंही विचारलं न्हाई! त्या काळात बंद लई व्हायचे, कारण नंतर कळायचं. शकूरभाईनं तर चालू स्टो विझवला. "म्हस्के सर बोले, तो बोले!"

आणि नेमके त्याच दुपारी श्रीगोंद्याचे भापकर तात्या यष्टीतून उतरले. ऊसवाले बागाईतदार, थोरल्या लेकीसाठी म्हस्के सरांची गुपचूप चौकशी करायला आलेले. रस्त्यावर चिटपाखरू न्हाई. दुकानाच्या फळीवर मी एकटा.

"का रं, समदं बंद?"

"बंद हाय, तात्या."

"कुनी केला?"

मी फळ्याकडं बोट दाखवलं.

तात्यांनी वाचलं. टोपी काढली, परत घातली. "एकटा मानूस? समदा बाजार? पोलीस न्हाई, मोर्चा न्हाई?"

"नुसतं लिवलं."

"असला जावई पायजे मला!" तात्यांनी फळीवर थाप मारली. "येत्या रविवारी पोरगी बघायला श्रीगोंद्याला या म्हनावं!"

संध्याकाळी सर आले. फळा पाहिला, शटरं पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सर, आधी पेढे."

*

श्रीगोंद्याला आम्ही तिघं गेलो, सर, गुरुजी आणि मी. सरांच्या आईचा सांगावा होता, "आधी तुमी बघून या. ही मोडली तर मला तोंड दाखवू नको." यष्टीत गुरुजींनी सरांना बजावलं, "हे बघा, भाषा, संच, बंद, हे तिन्ही शब्द आज वर्ज्य हायेत." हो, ते आता ‘हायेत’च म्हणायचे!

तात्यांच्या ओसरीवर निम्मं गाव बसलेलं. जाजम, पोहे, सुपारी. तात्यांनी सुरुवातच केली, "प्रोफेसर, आमच्या हितं पाटाच्या पान्याचा लई तरास हाय. तुमी तेवढा एक बंद पुकारा. मंग सुपारी फोडू."

सर पांढरेफटक. मी डोळ्यांनी खुणावलं, हो म्हणा! गुरुजींनी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. पण खोटं बोलायला त्या माणसाला जमायचंच न्हाई.

"तात्या, तो बंद मी केला नव्हता. आमच्या शास्त्रात बंद म्हणजे..." आणि सांगितलं की सगळं! अ, ब, जोडणी, उलटणी, आत काय, बाहेर काय. निम्मं गाव तोंड उघडं टाकून ऐकत होतं.

"म्हंजे तुमी पुढारी न्हाई?" तात्यांचा आवाज खाली गेला.

"नाही."

"नुसते दोन अक्षरांचे मास्तर?"

"हो."

तात्यांनी पुढ्यातली सुपारी उचलून परत पानाच्या डब्यात टाकली. मी मनातल्या मनात परतीची यष्टी धरली. तेवढ्यात तात्यांची थोरली, मंगल, चहा घेऊन आली. एस.एस.सी. झालेली, गावच्या बालवाडीत शिकवणारी. दाराआडून तिनं सगळं ऐकलं होतं. खाली मान घालून बसली.

"नाव सांग," एक म्हातारी म्हणाली. मंगल गप्प.

"शिक्षान?" गप्प.

तात्या आधीच चिडलेले. "आगं बोल की! दातखीळ बसली का?"

"राहू द्या," सर हळूच म्हणाले. "ती बोलली की. आमच्यात एक रिकामा शब्द असतो. त्यात अक्षर एकही नसतं. पण तोही शब्दच. पूर्ण शब्द."

मंगलनं मान वर केली. पहिल्यांदाच. "मंग त्या रिकाम्या शब्दाचा अर्थ काय? व्हय का न्हाई?"

"अर्थाचा..." सर अडखळले, "अर्थाचा आमच्यात संबंध नसतो."

"बरं. मंग मी विचारते. मी तुमाला पसंत हाय का?"

अख्खी ओसरी हबकली! म्हातारीनं पदर तोंडात घातला. तात्यांची बशी ओठांपर्यंत जाऊन थांबली. पोरीनं पोराला विचारायचं? चारचौघांत? आणि आमचे सर! तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. कान लालेलाल. आवाज म्हणून न्हाई.

मंगलनं थोडा वेळ वाट पाहिली. मग शांतपणे ट्रे उचलला, उभी राहिली आणि म्हणाली,

"तात्या, सर व्हय म्हनाले."