दोन घोट चहा

माझा नवरा कमांडो न्हवता. आचारी व्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हंजे नंतर कुणी म्हणायला नको का रत्नानं लपवलं. लपवायचं ते आठ वर्सं लपवून झालं, आता राह्यलंय काय?

कळंबला पुणे-नाशिक रोडला आमचं चहाचं हाटेल हाये, मागच्या अंगाला घर. वर हा एवढा बोर्ड, 'कमांडो चहा', आन शेजारी तोंडाला काळं फासलेल्या बंदूकवाल्याचं चित्र. हे मिल्ट्रीतून रिटायर होऊन आले तवा माझा भाऊ सावळेराम म्हणला, "दाजी, कमांडोंच्या पलटणीत सतरा वर्सं काढली ना? मंग तुमी कमांडोच की राव!" आन बोर्ड लावून मोकळा झाला. हे नुसते हसले. व्हय म्हणले न्हाईत, नाय बी म्हणले न्हाईत. हळूहळू समदा रोड त्यांना 'कमांडो दादाभाऊ' म्हणायला लागला आन मला कमांडोची बायको. खोटं कशाला बोलू, मला लई गोड लागायचं ते.

आमी मूळची डोंगराकडची, डिंभ्याच्या वरल्या अंगाची. भात आन नाचणी, दुसरं काय पिकतंय तिथं? हे भरतीला गेले तर जवान म्हणून घेतलं न्हाई, आचारी म्हणून घेतलं. त्यांच्यात आचाऱ्याला लांगरी म्हणतात. सतरा वर्सं ह्यांना तिथं कुणी नावानं हाक मारली न्हाई. "ए लांगरी, पाणी ला. ए लांगरी, दाल ला." सुट्टीवर आले का मला सांगायचे, हसत हसत सांगायचे, पण मला कळायचं.

त्या पलटणीत येणाऱ्या पोरांचं ऐकलं तर अंगावर काटा यायचा. आधीच फौजेत असलेली तगडी पोरं आपल्या खुशीनं यायची आन तीन महिने त्यांना नुसतं पिळून काढायचे. दिवसाला दोन तास झोप. पाठीवर भाताचं पोतं असावं एवढं वजन, आन ते घेऊन धावायचं, नदीत उतरायचं, दोराला लटकून कडा चढायचा. बुटात पायाची सालटं सोलून निघायची. हे वेलची घालून खीर करायचे आन शिकवणारा उस्ताद येऊन त्याच बादलीत डाळ, भात, वरनं मूठभर माती टाकायचा, अर्ध्या मिनिटात खा म्हणायचा. पोरं खायची. "रत्ना, माती खाल्ल्याचं काय नाय गं, पण माझी खीर नासवली," म्हणायचे हे. शंभरातली दहा-बारा टिकायची, बाकीची परत आपल्या पलटणीत.

टिकली ती मंग खरोखरच्या कामावर जायची. बर्फात, जंगलात, आठ-आठ दिवस. हे त्यांना पुऱ्या, गूळ, फुटाणे बांधून द्यायचे. कांदा-लसूण न्हाई, त्याचा वास लांब जातो. चूल पेटवायची न्हाई, खोकायचं न्हाई, एकाच जागी पडून ऱ्हायचं. बारा गेले का परत यायच्या दिवशी हे बाराचाच भात लावायचे. दोनदा भात उरला. ते सांगताना मातर हे हसायचे न्हाईत.

एवढं समदं सांगितलं, पण एक सांगितलं न्हाई. ते मला कळलं औंदा, माझ्याच घरात, आरतीला बघायला पाव्हणं आल्यावर.

आरती माझी एकुलती एक. मंचरला दवाखान्यात नर्स हाये. तिथंच गोकुळची आई, कोंडाबाई, पंधरा दिवस अॅडमिट व्हती. आरतीनं तिची सेवा केली, गोकुळनं आरतीला पाह्यलं, पुढं काय झालं ते मी सांगायला नको. पोरगा जुन्नरच्या पश्चिमेकडचा, नाणेघाटाकडल्या डोंगरातला, आमच्याच जातीचा, चाकणला कंपनीत परमनंट. आरती मला म्हणली, "मम्मी, केलं तर ह्याच्याशीच, नायतर करायचंच न्हाई." बाप वारलेला, घरात थोरल्या भावाचा शब्द. तो व्हय म्हणला का काम झालं. सावळेराम मधे पडला आन तोंड वर करून सांगून आला, "पोरीचा बाप कमांडो हाये, कमांडो!" मेल्याच्या जिभेला हाडच न्हाई.

रविवारी सकाळी जीप आली. कोंडाबाई, गोकुळ आन थोरला भाऊ भरत. भरत उंचापुरा, चौतीस-पस्तिशीचा, पण चेहऱ्यावर हसू म्हणून न्हाई. आल्या आल्या बोर्डाकडं बघत उभा ऱ्हायला. मंग आत येऊन अदबीनं म्हणला, "कोणत्या पलटणीत व्हता तुमी?" मी बी फौजेत काढलीत काही वर्सं, म्हणला. हे गडबडले. "सांगतो, आधी चहा घ्या," म्हणून आत पळाले.

चहा ह्यांनी सोताच केला. आलं ठेचलं, गवती चहा टाकला. आरतीनं ट्रे आणला. कोंडाबाईनं कप घेतला, गोकुळनं घेतला. भरतनं कप नाकाजवळ नेला आन तसाच धरून ठेवला. हे म्हणले, "घ्या की, घ्या. आपल्याकडचाच गवती चहा हाये."

तो कप त्यानं खाली ठेवला. ट्रेमधी न्हाई, फरशीवर.

"मामा," भरत म्हणला, "वळखलं का मला?"

ह्यांचं तोंड पांढरं फटक पडलं. मला वाटलं, झालं, आचारी हायेत ते उघडं पडलं. तेवढंच असतं तर बरं झालं असतं गं बाई!

भरत आवाज न चढवता बोलत व्हता. म्हणला, बारा वर्सांपूर्वी मी त्या पलटणीत गेलतो. नव्वद दिवसांतले शहाऐंशी काढले. शेवटी शंभर किलोमीटरची चाल असती. वाटेत ट्रक उभा असतो, गरम चहा, गरम भजी. ज्याला जमत न्हाई त्यानं चहा घ्यायचा आन ट्रकमधी बसायचं, त्याचं संपलं. चार वेळा ट्रक लागला, चारी वेळा मी तोंड फिरवून पुढं गेलो. ऐंशीव्या किलोमीटरला ट्रक न्हवता. झाडाखाली एकटा माणूस बसलेला, किटली घेऊन. मला म्हणला, कुठला रं तू? आपल्या भाषेत. तीन महिन्यांत आपली भाषा ऐकली न्हवती मी. म्हणलं, जुन्नरचा. तर म्हणला, आरं मी आंबेगावचा, आपण शेजारीच की. घे, गवती चहा हाये, घरनं आलाय.

त्या वासानं मला आई दिसली, भरत म्हणला. तरी मी इचारलं, मामा, घेतला तर चालंल ना? तुमी म्हणला, घे बाळा, मी हाये. दोन घोट घेतले. झाडामागनं उस्तादानं शिट्टी मारली.

आपल्याकडं वडीलधाऱ्यानं हातात दिलेला चहा कुणी नाय म्हणतंय का? ट्रकवाल्याला नाय म्हणता येतं, सायबाला म्हणता येतं. डोंगरातल्या पोराला आपल्या माणसाला नाय म्हणता येत न्हाई. त्यांनी बरोबर तिथंच धरलं.

"गावानं आधीच वेशीवर फ्लेक्स लावला व्हता," भरत म्हणला. "कमांडो झाल्याबद्दल अभिनंदन. आमचा म्हातारा पेढे वाटून बसलेला. पुढं गावाला समदं कळलं, आन माझं नाव पडलं चहा-कमांडो. पोरंटोरं म्हणायची. म्हातारा मरंस्तवर देवळात जाऊन बसला न्हाई. मी नोकरी सोडली. आन तुमी बोर्ड लावलाय, मामा, कमांडो चहा!"

मंग तो आरतीकडं बघून म्हणला, "तुझा काय दोष न्हाई, ताई. पण ह्या घरचा चहा आमच्या घरात कुणी पिणार न्हाई." कोंडाबाईनं कप ठेवला. गोकुळच्या हातात कप तसाच व्हता. त्यानं एकदा आरतीकडं पाह्यलं, एकदा भावाकडं. आन ठेवला. अर्धा प्यालेला कप ठेवला त्यानं. आरती ट्रे घेऊन उभीच व्हती.

जीप गेल्यावर मी ह्यांना धरलं. "का केलं? सांगा, का केलं?" म्हणले, हुकूम व्हता. उस्ताद म्हणला, तुझ्या मुलखाचं पोरगं मोडत न्हाई, तू बोल त्याच्याशी. म्हणलं, हुकूम व्हता तर चहा सांडता आला असता, डोळ्यानं खुणावता आलं असतं. आचारी व्हता तुमी, कसाई न्हवता!

हे म्हणले, "एवढ्या वर्सांत पहिल्यांदा त्यांनी मला भांडी सोडून दुसरं काम सांगितलं गं. उस्ताद नावानं बोलला. दादाभाऊ, म्हणला. मला वाटलं, आज मी बी त्यांच्यातला झालो."

मला त्यांची कीव बी आली आन थोबाडीत मारावी असं बी वाटलं. आन ती गवती चहाची पुडी कुणी सुकवून धाडली व्हती? मीच. नवऱ्याला परमुलखात घरची आठवण नको का, म्हणून.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी सोता शिडी लावून बोर्ड काढला. चार दिवस आरती बापाशी बोलली न्हाई. पाचव्या दिवशी बोलली, "पप्पा, जाऊन पाय धरा त्याचे. माझ्यासाठी धरा." एवढंच.

मंगळवारी आमी दोघं निघालो. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गणपतीला नारळ फोडला, मंग जुन्नरहून वर डोंगरात. भात निसवायला आला व्हता. भरत अंगणातच व्हता, गोकुळ बी सुट्टी काढून आलेला, पार खंगलेला. हे काही न बोलता भरतच्या पायावर वाकले. वयानं दहा-बारा वर्सं मोठा माणूस. भरतनं त्यांना खांद्याला धरून उठवलं. म्हणला, "बसा मामा." मंग आत बघून म्हणला, "आई, चहा ठेव."

माझ्या डोळ्याला पाणीच आलं. चहा ठेव म्हणला म्हंजे झालं की! आमच्याकडं सोयरीक मोडायची असंल तर पाण्याला बी इचारत न्हाईत. मी गोकुळकडं पाह्यलं, त्याचा बी चेहरा उजळला व्हता.

कोंडाबाईनं चहा आणला. गवती चहाचा वास अंगणभर. भरतनं सोता कप उचलून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी कप तोंडाशी नेला आन थांबले. "घेतला तर चालंल ना?" म्हणले.

"घ्या मामा," भरत म्हणला. "मी हाये."

ह्यांनी एक घोट घेतला. दुसरा घेतला. भरत उठून उभा ऱ्हायला.

"झालं," म्हणला. "आता जावा घरी."

कोंडाबाई म्हणली, "भरत, आरं असं..." तर तिच्याकडं त्यानं नुसतं पाह्यलं. गोकुळ मान खाली घालून बसला, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हणलं, तुझं ह्यांनी केलं, माझ्या पोरीनं तुझं काय केलं रं? तुझ्या आईचं गू-मूत काढलं तिनं पंधरा दिवस! तो म्हणला, "खरं हाये मावशी. माझ्या म्हाताऱ्यानं बी कुणाचं काय केलं न्हवतं."

हे कप तसाच हातात धरून उभे व्हते. कुठं ठेवावा ते बी समजंना त्यांना. मी तो काढून घेतला, ओट्यावर ठेवला आन हाताला धरून त्यांना खाली आणलं. माणूस एकदम म्हातारा झाला त्या उतारावर.

खाली डांबरी रोडला आल्यावर मोबाइलला रेंज आली आन लगेच फोन वाजला. आरती. ड्यूटीवरनं, हळू आवाजात.

"मम्मी, बोलले का? चहा दिला का गं त्यांनी?"

मी ह्यांच्याकडं पाह्यलं. हे रस्त्याच्या कडंला दगडावर बसले व्हते.

"दिला," म्हणलं.

"पप्पांनी घेतला?"

"घेतला."

पोरगी हसली. नऊ दिवसांनी हसली. फोनमधी कुणाला तरी ओरडून सांगितलं, "चहा दिला गं, चहा दिला त्यांनी!" मागं दोघी-तिघी नर्सा टाळ्या वाजवायला लागल्या, आन माझ्या तोंडातनं पुढचा शब्द निघंना.